तळ्याकाठच्या खोलीचे एकवीस हजार

वाचक भगिनीचं पत्र, थोडं आटोपतं करून:

"मी जुळे सोलापुरात राहते, पतसंस्थेत नोकरी करते. यजमानांचं टॉवेल-चादरींचं दुकान आहे. मुलगी यंदा दहावीत जाईल, मुलगा चौथीत. सासूबाई ७१ वर्षांच्या, गुडघे दुखतात. आम्ही पाचही जण पहिल्यांदाच एवढ्या लांबच्या सहलीला निघतोय. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात, सात रात्रींचं पॅकेज: दिल्ली एक रात्र, नैनीताल तीन, कौसानी दोन, कॉर्बेट एक. नैनीतालला एजंटने दोन हॉटेलं दाखवली. एक वर डोंगरावर, दुसरं माल रोडवर, अगदी तळ्यासमोर. दुसऱ्याला आमच्या सगळ्यांचे मिळून २१ हजार जास्त पडतात. यजमान म्हणतात, 'दिवसभर फिरायचंय, रात्री पाठ टेकायची, त्याला तळं कशाला?' सासूबाई म्हणतात, 'पाणीच बघायचं तर आपला संभाजी तलाव काय वाईट आहे?' मला मात्र एखाद्या सकाळी कुणाचा डबा न भरता, दुसऱ्या कुणी हातात दिलेला चहा घेत पाण्याकडे बघत बसायचंय. हा माझा हट्ट आहे का? ता. क. मुलगा नुकताच पोहायला शिकलाय. तिथल्या तळ्यात उतरू द्यावं का?"

ताई,

हट्ट अजिबात नाही. पण तुमच्या यजमानांचा हिशेबही चुकलेला नाही. एजंटने दिलेला कार्यक्रम तुम्ही पत्रासोबत पाठवलात, तो मी नीट वाचला. नैनीतालला पोचणार संध्याकाळी. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला गाडी दारात. भीमताल, सातताल, नौकुचियाताल ही आसपासची तळी करून अंधार पडता परत. तिसऱ्या दिवशी कैंची धाम आणि मुक्तेश्वर, पुन्हा साडेआठला. चौथ्या दिवशी आठ वाजता सामानासकट कौसानीकडे. म्हणजे तीन रात्रींच्या मुक्कामात उजेड असताना, जागेपणी, हातात काम नसताना त्या खिडकीशी बसायला तुम्हाला मिळणार जेमतेम तीन तास, तेही मुलांच्या आंघोळी आणि सासूबाईंच्या गोळ्या यांच्यामधून चोरलेले. एकवीस हजारांत तीन तास. सात हजार रुपये तासाचं तळं कुणी घेऊ नये, आणि दुकानात बसणारा माणूस तर घेणारच नाही.

तेव्हा हॉटेलवर वाद घालण्याआधी कार्यक्रमाला हात घाला. पॅकेजवाल्यांचं गणित ठिकाणांच्या संख्येवर चालतं. पत्रकात जितकी नावं जास्त तितकं गिऱ्हाईक खूश, म्हणून प्रत्येक दिवसात तीन-चार नावं कोंबलेली असतात. शिवाय यादी कुणी पुन्हा तपासतही नाही. तुमच्या यादीत 'टिफिन टॉप' आहे. तिथली डोरोथी सीट, म्हणजे लोक जिथे बसून फोटो काढत ती जागा, ऑगस्ट २०२४ मध्ये दरड कोसळून गेली. एजंटला विचारा, आम्हाला तिथे नेऊन नेमकं काय दाखवणार?

आता कौसानी. नैनीतालहून घाटातले चार-पाच तास, आणि तिथे जायचं ते त्रिशूळ, नंदादेवीची हिमशिखरं बघायला. ती ऑक्टोबर-नोव्हेंबरात लख्ख दिसतात. मेच्या अखेरीला हवेत धूळ असते, जंगलांच्या वणव्यांचा धूर असतो, आणि समोर पांढरट पडद्याखेरीज काही दिसत नाही असे दिवस पुष्कळ. एखादी पहाट नशिबाने उघडते, नाही असं नाही. पण त्या नशिबावर दोन रात्री आणि येण्या-जाण्याचे दोन दिवस लावावेत असं मला वाटत नाही. विशेषतः सासूबाईंचे गुडघे गाडीत मुडपून.

कॉर्बेटचं एकच विचारा: जंगलात शिरण्याचा सफारीचा परवाना पॅकेजमध्ये आहे का, आणि कोणत्या विभागाचा? परवाने ओळखपत्र देऊन आगाऊ काढावे लागतात, मोजके असतात. बहुतेक पॅकेजांत 'कॉर्बेट मुक्काम' म्हणजे रामनगरजवळच्या एखाद्या रिसॉर्टमध्ये एक रात्र, एवढंच. रामनगर पायथ्याशी आहे, मे महिन्यात तिथे पारा चाळिशीला टेकतो. सोलापुरातून उन्हाला कंटाळून निघायचं आणि पाच रात्री गारव्यात काढून पुन्हा पैसे देऊन उन्हात जायचं! मुलांना वाघच बघायचा असेल तर ताडोबा आपल्याच राज्यात आहे, तो वेगळा बेत करा.

ही दोन ठिकाणं गाळली की तीन रात्री मोकळ्या होतात. त्यातल्या दोन तळ्याकाठी वाढवा आणि एक घरी आणा. मुलीचे दहावीचे क्लास तसेही मेमध्येच सुरू झालेले असतील. तळ्याकाठी पाच रात्री, त्यातले दोन दिवस पूर्ण रिकामे. गाडीचे किलोमीटर निम्म्याहून कमी होतील, दोन हॉटेलं कमी होतील. एजंटकडून असं नवं कोटेशन मागून घ्या आणि मगच यजमानांसमोर ठेवा. एकवीस हजारांचा मोठा भाग तिथेच भरून निघाला तर त्यांच्याशी बोलणं पुष्कळ सोपं होईल. एजंट म्हणेल, 'मॅडम, एवढं लांब जाऊन एकाच जागी बसणार?' हो म्हणायचं.

आता तळं कोणतं, हा खरा प्रश्न. तुमच्यासमोर नैनीतालमधलीच दोन हॉटेलं ठेवली आहेत. डोंगरावरचं तर काढूनच टाका, स्वस्त असलं तरी. नैनीताल म्हणजे तळ्याभोवती उभ्या चढणीवर चढत गेलेलं गाव. वरच्या हॉटेलातून प्रत्येक वेळी खाली यायला आणि वर जायला गाडी लागते, ते पैसे पॅकेजमध्ये नसतात. आणि गाडी थांबते तिथून खोलीपर्यंत पायऱ्या. सासूबाई पहिल्या दिवशी वर चढतील आणि मग निघायच्या दिवशीच उतरतील.

माल रोडवरचं हॉटेल याहून कितीतरी बरं. तल्लीताल ते मल्लीताल, म्हणजे तळ्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, कडेने जाणारा सपाट रस्ता, ई-रिक्षा मिळतात, दारातून बाहेर पडलं की पाणी. उंची १,९३८ मीटर. मेमध्येही दिवसा पंचविशीच्या आसपास तापमान, रात्री शाल लागते. पलीकडच्या काठाची 'ठंडी सडक' तर गाड्यांविना, झाडांच्या सावलीतली. सासूबाईंना तिथे थोडं चालवता येईल. पण मेच्या अखेरीला, त्यातही शुक्रवार रात्र ते रविवार, दिल्ली आणि उत्तर प्रदेश तिथे लोटतो. दिल्ली तीनशे किलोमीटरवर, शाळांना सुट्ट्या, मैदानी प्रदेशात लू, म्हणजे भाजून काढणारे गरम वारे. माल रोडवरची ती संध्याकाळ म्हणजे आपली सोलापूरची गड्ड्याची जत्रा. गर्दी आवरायला सीझनमध्ये संध्याकाळी काही तास रस्ता वाहनांना बंद ठेवतात. म्हणजे तुमची गाडी त्या वेळेत पोचली तर लांब उतरायचं, सामान हमालाकडे, सासूबाई रिक्षात. आणि ज्या बाल्कनीचे तुम्ही एकवीस हजार मोजणार, तिच्या आणि पाण्याच्या मधोमध हाच रस्ता. चहा हातात, पाणी समोर, कानात हॉर्न.

आणखी एक. पत्रकातला तळ्याचा फोटो बहुतेक पावसाळ्यानंतरचा असतो, काठोकाठ भरलेला. नैनीताल शहर पिण्याचं पाणी याच तळ्यातून घेतं. मे-जूनपर्यंत पातळी उतरते, टोकांना गाळाचे पट्टे उघडे पडतात. २०१७ च्या उन्हाळ्यात तर फार वाईट अवस्था झाली होती. दिवसांआड येणाऱ्या नळावर घर चालवणाऱ्या सोलापूरकराला हे समजावून सांगायला नको. फक्त मुलांना सांगून ठेवा की हॉटेलातला शॉवर तासभर चालू ठेवायचा नसतो. समोरचं जे बघायला आलो, तेच नळातून वाहून जातंय.

हे सगळं धरून माझा सल्ला भीमतालचा. नैनीतालपासून रस्त्याने बावीस किलोमीटर, उंची साधारण १,३७० मीटर. नैनीतालपेक्षा गरम, दुपारी तिशीच्या घरात जाईल. पुण्याची नणंद कुरकुर करेल, तुम्ही करणार नाही. चव्वेचाळीस अंशांतून गेलेल्याला सावलीतली तिशी म्हणजे महाबळेश्वरच. तळं नैनीतालच्या तळ्याहून मोठं, मधोमध बेट, बेटावर मत्स्यालय, नावेतून जायचं. चौथीतल्या मुलाची एक सकाळ तिथे जाते. काठाला बांध, आणि बांधाशेजारी भीमेश्वर महादेवाचं जुनं देऊळ. तळ्याकाठी महादेव, म्हणजे सिद्धरामेश्वरांच्या गावातल्या आजींना परकं काहीच वाटायला नको. डोंगराच्या पायथ्याच्या काठगोदाम स्टेशनहून भीमतालचा घाटही नैनीतालच्या घाटापेक्षा बराच छोटा, त्यामुळे गाडीत उलट्या होणाऱ्यांचेही हाल कमी. (कुणाला होत असतील तर गोळी घाटाआधी अर्धा-पाऊण तास घ्यायची असते, वळणं सुरू झाल्यावर नाही. सासूबाईंची इतर औषधं चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा.)

त्याहून शांतता हवी तर पुढे नौकुचियाताल आहे. पण तिथे संध्याकाळी करण्यासारखं काही नाही आणि पंधरा वर्षांची मुलगी तुम्हाला ते विसरू देणार नाही. भीमताल मधला मार्ग आहे. नैनीताल एक दिवस करून या, मंगळवार-बुधवार बघून: नैनादेवीचं देऊळ, रोपवेने स्नो व्ह्यू, नाव, माल रोडवर खरेदी, अंधार पडायच्या आत परत. नैनादेवीच्या बाजूचं ते मोठं मैदान, फ्लॅट्स म्हणतात त्याला, मुलांना दाखवा. १८ सप्टेंबर १८८० ला मोठी दरड कोसळली, १५१ माणसं गेली, जुनं देऊळही गेलं. त्या राडारोड्याने तळ्याचा काठ भरून हे सपाट मैदान वाढलं. यादीतल्या दहा 'पॉइंट्स'पेक्षा दहावीच्या मुलीला ही एक गोष्ट जास्त लक्षात राहील.

वणव्यांचं म्हणाल तर तो धोका खरा आहे, मी लपवत नाही. एप्रिल २०२४ मध्ये नैनीतालच्या आसपासची जंगलं पेटली तेव्हा हवाई दलाच्या हेलिकॉप्टरने या भीमतालच्याच तळ्यातून पाणी उचलून आगीवर टाकलं होतं. निघण्याआधीच्या आठवड्यात बातम्या बघा. सासूबाईंना दम्याचा त्रास असेल तर जास्तच.

भीमतालला तळ्याकाठी खाजगी हॉटेलं आहेत, तसंच कुमाऊं मंडल विकास निगमचं पर्यटक आवासगृहही. आपल्या एमटीडीसीसारखीच ही सरकारी संस्था. सरकारी जागांची एक खोड असते: जागा मोक्याची, नळाच्या तोट्या जुन्या. तुम्हाला मोक्याची जागाच हवी आहे, तेव्हा एजंटला हा पर्याय विचारायला हरकत नाही. तो टाळाटाळ करेल, कारण त्याला तिथे फारसं सुटत नाही.

आता खोल्या. पाच जणांना दोन खोल्या लागणार. एका खोलीत तीन पलंग आणि एक गादी कोंबून 'फॅमिली रूम' म्हणून गळ्यात मारतील, ती घेऊ नका. आणि दोन्ही खोल्या तळ्याकडच्या कशाला? एकच घ्या. तिच्या बाल्कनीत दिवसा सगळे बसतील, दुसरी मागच्या बाजूची, स्वस्त, फक्त झोपायला. आता समोरची कुणाला? सासूबाईंना आणि मुलीला मागची दिलीत तर पुढची वीस वर्षं प्रत्येक लग्नात ती गोष्ट निघेल. समोरची त्यांना द्या. म्हातारी माणसं पहाटे उठतातच. तुम्ही सकाळी जाऊन त्यांच्या शेजारी बसा. मागच्या खोलीत यजमान आणि मुलगा आठपर्यंत घोरतील, तळ्याला त्यांची गरज नाही आणि त्यांना तळ्याची.

कोटेशनमध्ये 'लेक व्ह्यू' लिहिलं असेल तर तेवढ्यावर विसंबू नका. बाथरूमच्या झरोक्यातून वाकून पाहिलं तर दिसणारं पाणीही त्यात बसतं. 'लेक फेसिंग' बरं, पण समोर देवदार किंवा दुसऱ्या हॉटेलची गच्ची असू शकते. हॉटेलात स्वतः फोन लावा आणि साध्या हिंदीत विचारा: या प्रकारच्या खोलीत पलंगावर बसून पाणी दिसतं का? मध्ये रस्ता आहे का? गाडीपासून खोलीपर्यंत पायऱ्या किती? लिफ्ट आहे का, आणि वीज गेल्यावर जनरेटरवर चालते का? गरम पाणी दिवसभर की ठरावीक वेळेत? कमोड आहे ना? पायऱ्यांचा प्रश्न जोर देऊन विचारा. डोंगरातल्या हॉटेलांत तळमजला म्हणजे रस्त्याची पातळी असेलच असं नाही. कधी रिसेप्शन रस्त्याला लागून आणि खोल्या तीन मजले खाली, तळ्याच्या दिशेने उतरत गेलेल्या. फोनवर ज्या हॉटेलचा माणूस कंटाळून उत्तरं देतो, तिथे जाऊन वेगळं काही होत नाही.

जेवणाचं कलम बहुतेक जण नीट वाचत नाहीत. तुमच्या पॅकेजमध्ये 'एमएपी' लिहिलंय, म्हणजे नाश्ता आणि रात्रीचं जेवण. दुपारचं नाही, कारण दुपारी तुम्ही बाहेर भटकत असणार असं त्यांनी धरलंय. तुम्ही दोन दिवस हॉटेलातच बसणार, तेव्हा त्या दोन दिवसांचं दुपारचं जेवण आत्ताच ठरवून घ्या. नाहीतर मेन्यूकार्डावरच्या भावाने पाच जणांचं बिल आलं की यजमानांना तुमचं तळं पुन्हा आठवेल. एक वेळ भट्ट की चुडकानी किंवा आलू के गुटके, हे तिकडचे घरगुती पदार्थ, मिळतील का विचारा. रोजच्या पनीरपेक्षा ते बरं. येताना बाल मिठाई आणा, ती मूळ अल्मोड्याची. सासूबाई शेंगा चटणी आणि कडक भाकरी बांधून घेणार असतील तर घेऊ द्या, ते प्रवासात सोन्यासारखं कामी येतं. पण इंडक्शनची शेगडी मात्र घरी ठेवा. हॉटेलं खोलीत स्वयंपाक करू देत नाहीत. आणि करू दिला तरी तो कोण करणार, हे तुम्हाला माहीत आहे. तसंच कपड्यांचं. रोज बाथरूममध्ये मुलांचे कपडे बुचकळून बाल्कनीत दोऱ्या बांधायच्या, हे आपल्या बायकांचं सहलीतलं ठरलेलं काम. करू नका. एक तर पाण्याची ओढ, दुसरं म्हणजे तिथली माकडं कपड्यांना आणि उघड्या खिडकीतल्या पिशव्यांना सोडत नाहीत.

चहाचंही सांगते, कारण तुमच्या पत्रातलं सगळ्यात मोलाचं वाक्य ते आहे. मेअखेरीला तिकडे सव्वापाचच्या सुमारास सूर्य उगवतो, आपल्याहून अर्धा तास आधी. हॉटेलचं किचन मात्र सात-साडेसातला जागं होतं. खोलीत किटली आहे का विचारा, नसेल तर घरची न्या. आदल्या रात्री यजमानांना सांगा, सहा वाजता चहा तुम्ही करायचा. किटलीचं बटण दाबायला दुकान चालवणाऱ्या माणसाला शिकवावं लागत नाही.

सासूबाईंच्या संभाजी तलावावर रागावू नका. त्या वाक्यात मला टोमणा कमी आणि भीती जास्त ऐकू येते. ज्या बाईचे गुडघे दुखतात तिला सहल म्हटलं की पायऱ्या, उंच बस, भारतीय पद्धतीचे संडास आणि 'आई, लवकर चला' एवढंच दिसतं. आपल्यामुळे सगळे अडकतील असं तोंडाने म्हणवत नाही, म्हणून मग घरचं तळं चांगलं. त्यांना 'तुम्ही येणार ना?' असं विचारू नका, त्याला हो म्हणावंच लागतं. हॉटेलात किती पायऱ्या आहेत ते सांगा, दोन दिवस कुठेही जायचं नाही हे सांगा, देवळाचं सांगा, खालचा बर्थ मिळेल ते सांगा आणि मग त्यांना ठरवू द्या. त्या नको म्हणाल्या तर नणंदेकडे आठवडाभर राहण्याचं बोलून घ्या आणि त्यांचं नको हे नकोच समजा. स्टेशनवर पुन्हा आग्रह करून रडारड नको.

यजमानांना मात्र तुम्ही अजून खरं सांगितलेलंच नाही असं पत्रावरून दिसतं. त्यांना हॉटेलच्या दरातला फरक सांगितलात आणि तळ्याची महती सांगितलीत. त्यावर त्यांनी व्यापाऱ्याचं उत्तर दिलं. तुम्हाला काय हवंय ते मला लिहिलंत, त्यांना नाही. एकदा सरळ म्हणा: 'मला या सहलीत दोन दिवस काहीही करायचं नाही, कुठेही जायचं नाही. त्यातल्या एका दिवशी तुम्ही मुलांना घेऊन बाहेर जा.' कारण देऊ नका, थकले म्हणू नका, बरं वाटत नाही तर मुळीच म्हणू नका. कारण दिलं की त्या कारणावर उपाय निघतो, आणि बेत तिथेच राहतो. नोकरी, डबे, क्लासच्या वेळा हे सगळं सांभाळणाऱ्या बाईने आठवड्यातले दोन दिवस मागितले तर बहुतेक नवरे 'एवढंच ना?' म्हणतात. नाही म्हणाले तर मला पुन्हा लिहा, मग प्रश्न हॉटेलचा नाही.

पैसे भरण्याआधीचं थोडं. एजंटच्या पत्रकात हॉटेलच्या नावापुढे 'किंवा तत्सम' असं छापलेलं असतं. त्या दोन शब्दांच्या आधाराने तुम्हाला सीझनमध्ये दोन किलोमीटर आतल्या, तळ्याशी संबंध नसलेल्या हॉटेलात टाकता येतं. ते खोडून घ्या आणि हॉटेलचं नाव, खोलीचा प्रकार, कोणत्या तारखांना, जेवण कोणतं, सहल रद्द केली तर कधीपर्यंत किती पैसे कापणार, हे सगळं पावतीसोबत लेखी घ्या. व्हॉट्सॲपवर आलं तरी चालेल, फक्त ते पुसू नका. ॲडव्हान्स दिल्यावर आठवड्याने हॉटेलात फोन करून आपल्या नावाचं बुकिंग लागलंय का बघा. तिथे गेल्यावर वेगळीच खोली दिली तर सामान उघडायच्या आधी फोटो काढा आणि एजंटला तिथूनच लेखी कळवा. परत येऊन तक्रार करायची वेळ आलीच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. त्यानेही नाही भागलं तर, २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात, म्हणजे सोलापुरातच, ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जाता येतं. एजंट पुण्याचा असो की दिल्लीचा. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्कही लागत नाही.

रेल्वेचं आरक्षण आता साठ दिवस आधी उघडतं, पूर्वीसारखं एकशेवीस नाही. सोलापूरहून कर्नाटक एक्सप्रेस थेट नवी दिल्लीला जाते. तिथून रात्री जुन्या दिल्लीहून राणीखेत एक्सप्रेस घेतली तर पहाटे काठगोदाम. मधला दिवस दिल्लीच्या उन्हात स्थळदर्शन करू नका, स्टेशनजवळ एक खोली घेऊन सगळ्यांना झोपू द्या. पॅकेजमधली दिल्लीची रात्र मग लागणारही नाही. तिकीट काढताना सासूबाईंचं वय बरोबर घाला. सवलत २०२० पासून बंद आहे, पण ज्येष्ठांचा खालच्या बर्थचा कोटा आहे, आणि पंचेचाळीसच्या वरच्या स्त्रियांनाही तो मिळतो. तुम्हाला अजून थोडा अवकाश आहे. भीमतालचे दिवस रविवार संध्याकाळ ते शुक्रवार सकाळ असे बसतील अशी तारीख निवडा, म्हणजे शनिवार-रविवारची गर्दी तुमच्या आधी आणि नंतर.

ता. क. चं उत्तर: नाही. तरणतलावात शिकलेलं पोहणं तळ्यात उपयोगी पडत नाही. ही डोंगरातली तळी काठापासूनच खोल होत जातात. नैनीतालचं सत्तावीस मीटरच्या आसपास, नौकुचियाताल त्याहून खोल. तळाशी गाळ आणि पाणवनस्पती, वरचं पाणी कोमट लागलं तरी खाली गारठा. नावेतही लाइफ जॅकेट अंगावर घातलेलं हवं, बसायच्या फळीवर ठेवलेलं नाही, आणि मोठ्यांनीसुद्धा. नावाडी 'कुछ नहीं होता' म्हणेल. त्याला म्हणावं, मग आम्ही दुसऱ्या नावेत बसतो.